आबांचा नियमबाह्य श्वास

ठिपका होता. उर्वीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि आता बघावं तर त्या जागी काहीच नव्हतं!

"पारखी, तो ठिपका कुठे गेला?" तिने विचारलं.

"कोणता ठिपका?" पारखीने उलट विचारलं.

पारखी म्हणजे रुग्णालयातला यंत्रमानव. उंची अकरा वर्षांच्या उर्वीएवढीच, पायांच्या जागी तीन चाकं, डोक्याच्या जागी तव्यासारखा गोल पडदा, आणि बोलणं असं, की ग्रामपंचायतीची नोटीस वाचून दाखवतोय असं वाटावं. रुग्णांच्या शरीराच्या आतली चित्रं तयार करायची, ती स्वच्छ करायची आणि त्यांत कुठे बारीकशी गाठ लपली आहे का ते पारखायचं, हे त्याचं काम. २०४७ साली असे यंत्रमानव जिल्ह्याजिल्ह्यात आले होते, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं.

"उजवीकडे खाली, फुप्फुसाच्या तळाशी," उर्वी हट्टाने म्हणाली. "चित्र तयार होत होतं तेव्हा तिथे एक पुसट डाग होता. मग तू चित्र स्वच्छ केलंस आणि तो गेला."

"मी चित्रातला गोंगाट काढला. चित्र आता निर्दोष आहे. श्री. भानुदास गुरव यांच्या शरीरात गाठ आढळलेली नाही."

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकून उर्वीने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण ती तर पडद्यावर बोट फिरवत तो ठिपका शोधतच राहिली. का, ते सांगतो.

भानुदास गुरव म्हणजे उर्वीचे आबा, तिच्या बाबांचे वडील. गडहिंग्लज भागात सनई म्हटली की आबांचंच नाव निघायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, आबा बरे झाले, लग्नांत आणि देवळांत पुन्हा वाजवू लागले. पण गेल्या महिन्यात रक्ताच्या तपासणीत एक आकडा वर चढलेला दिसला. म्हणजे शरीरात कुठेतरी नवी गाठ धरली होती. कुठे, ते काही रक्त सांगत नाही. गाठ सापडली, तर नेमकी तेवढीच किरणांनी जाळता येते. नाही सापडली, तर सगळ्या शरीरात भिनणारं जहाल औषध द्यावं लागणार होतं. त्या औषधाने आबांची फुप्फुसं कमजोर होतील, जीव वाचेल पण सनईला लागतो तेवढा दम उरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. औषध सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि आज होता शुक्रवार.

"सनईवाल्याचा दम काढून घेतल्यावर मागं उरतं काय रं?" सकाळी गाडीत आबा बाबांना म्हणाले होते. बाबा आता खालच्या मजल्यावर त्याच औषधाचे कागद भरत होते.

"मॅडम!" उर्वीने जोरात हाक मारली. "मॅडम, लवकर या ना!"

डॉ. नसीम मुजावर आतल्या खोलीतून धावतच आल्या. त्या या विभागाच्या भौतिकशास्त्रज्ञ. बिचाऱ्या नुकत्या जेवायला बसल्या होत्या, हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. उर्वीचं म्हणणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. लहान मुलगी सांगतेय म्हणून हसण्यावारी नेलं नाही, हे उर्वीला फार बरं वाटलं.

"पारखी, स्वच्छ करण्याआधीचं चित्र दाखव," त्या म्हणाल्या.

पडद्यावर चित्र आलं. कुणी रांगोळीच्या डब्यात शिंकावं तसं ते दिसत होतं. सगळीकडे पांढरी टिंबंच टिंबं.

"हा बघा!" उर्वीने बोट ठेवलं.

"बरं. आणि हा? आणि हा वरचा?" मॅडमनी आणखी तीनचार डागांवर बोट ठेवलं. "हेही तसेच दिसतात की नाही? मग यातला खरा कुठला?"

उर्वीने वाकून निरखून पाहिलं. खरंच, सगळे सारखेच होते.

"बस इथे खुर्चीवर," मॅडम म्हणाल्या. "सकाळी आबांना जे टोचलं, ती एक प्रकारची साखरच होती. फक्त तिला एक किरणोत्सारी (आपोआप किरण सोडणारा) अणू चिकटवलेला होता. गाठीतल्या पेशी असतात भारी खादाड. शेजारच्या पेशींपेक्षा त्या जास्त साखर ओढून घेतात. मग एकेका अणूपासून दोन किरण निघतात, अगदी विरुद्ध दिशांना. आबांच्या भोवती ते मोठं कडं होतं ना, त्यात हजारो संवेदक (किरण टिपणारे बारीक डोळे) आहेत. समोरासमोरच्या दोन संवेदकांनी एकाच क्षणी किरण टिपले, की त्यांना जोडणारी रेघ पारखी मारतो. जिथे खूप रेघा एकमेकींना छेदतात, तिथे साखर जास्त. मेंदू आणि हृदयही साखर खातात, पण ते आम्हाला आधीच ठाऊक असतं."

"मग ही बाकीची टिंबं कसली?"

"घरी ज्वारीच्या लाह्या केल्यात कधी? कुठला दाणा कधी फुटेल, सांगता येतं?"

"छे! कुठलाही कधीही फुटतो."

"अणूंचंही तसंच. जिथे दाणे जास्त तिथे लाह्या जास्त, हे खरं. पण एकच क्षण झाकण उचलून बघितलंस, तर तेवढ्यात रिकाम्या कोपऱ्यातलीही एखादी उडालेली दिसेल आणि तुला वाटेल, अरे, इथेही ढीग आहे! हाच तो गोंगाट (योगायोगाने उमटलेली, अर्थ नसलेली टिंबं). बराच वेळ मोजत बसलं, तरच खरं काय ते कळतं."

"आणि पारखी तो काढतो कसा?"

मॅडमनी कागदावर नऊ घरं आखली. मधल्या घरात बारा लिहिले, भोवतीच्या आठ घरांत तीन-तीन. "पारखी प्रत्येक घरात त्याची आणि भोवतालच्या घरांची मिळून सरासरी लिहितो. मधल्या घरात काय येईल?"

उर्वीने मनात बेरीज केली. "आठ त्रिक चोवीस, चोवीस आणि बारा छत्तीस. छत्तीस भागिले नऊ... चार!"

"आणि पलीकडेही सगळे तीनच आहेत असं समज, म्हणजे शेजारच्या आठही घरांत चारच येतील. बघ, बाराचा उंचवटा होता, त्याचं चाराचं पठार झालं. भोवती तीन, मध्ये चार. दिसेल काही?"

"म्हणजे खरी गाठ असली तरी ती पण पुसली जाते!" उर्वी ताडकन उठली. "अरे ठोंब्या पारखी, तूच पुसलास तो!"

"शक्य आहे," पारखी शांतपणे म्हणाला. त्याला रागबिग येत नसे. "गोंगाट जितका अधिक, तितकी सरासरी अधिक. या चित्रात गोंगाट फार होता."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण फार का होता? वीस मिनिटं चित्रण केलंय आपण. वीस मिनिटांत भरपूर लाह्या फुटतात. पारखी, किती मिनिटांची माहिती वापरलीस?"

"पाच."

"आणि बाकीची पंधरा?"

"वगळली. रुग्णाचा श्वास नियमबाह्य होता."

"काय बाह्य म्हणतंय ते?" ध्वनिक्षेपकातून आवाज आला. आबा जाड काचेपलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांच्या अंगातली साखर अजून किरण सोडत होती, म्हणून उर्वीने संध्याकाळपर्यंत त्यांच्यापासून लांब राहायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. "सत्तर वर्षं ह्योच श्वास घेतोय मी. आजपातूर कुणी नाव न्हाई ठेवलं!"

उर्वीला हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"श्वासाचा इथे काय संबंध?" तिने विचारलं.

"श्वासाबरोबर फुप्फुसाचा तळ वरखाली होतो, जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ असेल, तर तीही त्याच्याबरोबर हलते. हलणाऱ्या वस्तूचा फोटो कसा येतो?"

"फरफटलेला."

"म्हणून पारखी प्रत्येक श्वासाचे घड्याळाने आठ सारखे भाग करतो. सगळ्या श्वासांचे पहिले भाग एका गठ्ठ्यात, दुसरे भाग दुसऱ्यात, असं आठव्यापर्यंत. म्हणजे एका गठ्ठ्यातल्या सगळ्या चित्रांत गाठ एकाच जागी असते. मग ते आठ गठ्ठे थोडे सरकवून एकमेकांवर नीट बसवले, की फरफट गेली. पण त्यासाठी सगळे श्वास साधारण सारखे लागतात, तीन ते सहा सेकंदांचे. माणूस घाबरला, खोकला, तर तो श्वास बिघडला समजून पारखी टाकून देतो. आबांचे मात्र पंधरा मिनिटांचे टाकले म्हणजे... पारखी, श्वासाचा आलेख आण."

पडद्यावर एक रेघ उमटली. सुरुवातीची पाच मिनिटं बारीक लाटा होत्या, कुणाच्याही श्वासाच्या असतात तशा. मग रेघ बदलली. एकदम वर चढायची आणि तिथून हळूहळू उतरत राहायची, उतरत राहायची, पुन्हा एकदम वर. करवतीचे दातच जणू.

उर्वी बघत राहिली. बघता बघता तिची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. आणि एकदम ती ओरडली, "मॅडम, हा तर रियाज आहे! आबा सनई वाजवत होते!"

"तिथे? सनई?"

"मनातल्या मनात! आबा, खरं सांगा!"

काचेपलीकडे आबा चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले. "अगं, ती आतली मशीन चालवणारी पोरगी म्हणाली, स्वस्थ पडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. पयल्यांदा लई भ्यालो हुतो. मग म्हटलं, पडलोयच, तर एक राग आळवून घेऊ. पुन्हा दम ऱ्हातोय का न्हाई कुणाला ठावं. आता माझा नेहमीचा श्वास म्हणजे सनईचाच की! चुकलं का काय?"

मॅडमना हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना.

"सनईचा सूर तुटू द्यायचा नसतो," उर्वी भराभरा सांगू लागली. "म्हणून गालांत हवा साठवायची, ती फुंकत असतानाच नाकाने झटकन श्वास ओढायचा. ही रेघ वर चढते ना, तो नाकाचा श्वास. आणि ही लांब उतरण म्हणजे फुंक. चौदा सेकंद, कधी अकरा, कधी सतरा. सुराला लागेल तेवढी."

"तिथेच तर गाडं अडलं," मॅडम म्हणाल्या. "एक श्वास अकराचा, एक सतराचा, आणि एकात छाती पुरी रिकामी होते तर दुसऱ्यात निम्मीच. घड्याळाने भाग पाडले, तर एकाच गठ्ठ्यात निम्मी रिकामी छाती आणि पाऊण भरलेली छाती एकत्र येणार. पुन्हा फरफट."

"पण शिकवताना आबा घड्याळ कुठे बघतात?" उर्वी म्हणाली. "ते विचारतात, छाती किती भरली आहे? पुरी, पाऊण, निम्मी का पाव? निम्मा दम उरला की पुढच्या श्वासाच्या तयारीला लाग, असं सांगतात."

मॅडमनी हातातला भाकरीचा तुकडा टेबलावर ठेवला. "पुन्हा बोल. काय विचारतात?"

"छाती किती भरली आहे."

"पारखी!" मॅडमचा आवाज चढला. "छताच्या कॅमेऱ्याने छातीची उंची क्षणाक्षणाला मोजलेली आहे ना? आणि ती वगळलेली पंधरा मिनिटं? पुसून तर नाही ना टाकलीस?"

"नाही. मूळ माहिती एक महिना जपून ठेवावी, असा नियम आहे."

उर्वीचा जीव भांड्यात पडला. नियमाचं इतकं कौतुक तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं!

"मग सगळी वीस मिनिटं पुन्हा घे. घड्याळ विसर. छाती पूर्ण भरलेली असतानाचे सगळे क्षण एका गठ्ठ्यात, पाऊण भरलेली असतानाचे दुसऱ्यात. श्वास केवढाही लांब असो."

"गठ्ठे असे करण्यास मला शिकवलेले नाही."

"मग आता शीक की!" काचेपलीकडून आबा म्हणाले. "मी साठीत नवा राग शिकलो, तुला काय धाड भरलीय?"

पारखीच्या पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. फार तर मिनिटभर लागलं असेल, पण उर्वीला ते संपता संपेना. आबा काचेजवळ येऊन उभे राहिले होते. त्यांचा हात छातीवर होता.

चित्र आलं. रांगोळी विरली होती. काळ्या स्वच्छ फुप्फुसाच्या तळाशी, उजवीकडे, एक बारीक पांढरा ठिपका होता.

उर्वी आनंदाने किंचाळणार होती, पण मध्येच थांबली. "आणि हाही गोंगाटच असला तर?"

"शाबास! हा प्रश्न मला तुझ्याकडूनच ऐकायचा होता," मॅडम म्हणाल्या. "पारखी, आबांचे श्वास दोन वाट्यांत वाट. पहिला, तिसरा, पाचवा एका वाट्यात. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्यात. दोन वेगळी चित्रं कर. योगायोगाने उडालेली लाही दोन्ही वेळा त्याच जागी उडणार नाही. गाठ मात्र दोन्हीकडे तिथेच असेल."

दोन चित्रं शेजारी शेजारी आली. लाह्या कमी झाल्यामुळे दोन्ही थोडी खरखरीत होती. एकात वरच्या बाजूला एक डाग होता, तो दुसऱ्यात नव्हता. दुसऱ्यात बरगडीजवळ एक होता, तो पहिल्यात नव्हता. पण फुप्फुसाच्या तळाचा ठिपका दोन्हींत होता, अगदी त्याच जागी.

"पाच मिलिमीटर," पारखी म्हणाला. "माझा आधीचा अहवाल चुकीचा होता. मी तो मागे घेतो." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "रुग्णाचा श्वास आता नियमात धरावा का?"

"धर बाबा, धर!" मॅडम म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मग त्या काचेजवळ गेल्या. "गुरवकाका, तुमची फुंक इतकी संथ आहे, की प्रत्येक गठ्ठ्यात भरपूर क्षण मिळाले आणि त्या त्या क्षणी फुप्फुस जवळजवळ स्थिर होतं. ठिपका इतका रेखीव आला तो त्यामुळेच. सुईने एक कण काढून खात्री करू. आणि खात्री झाली, तर तेवढीच गाठ जाळायची. ते औषध लागणार नाही."

आबांनी काचेपलीकडून दोन्ही हात जोडले, मॅडमना, मग उर्वीला, आणि मग चक्क पारखीलाही.

"हात नुसते आम्हालाच नका जोडू," मॅडम हळूच म्हणाल्या. "गाठ कशी दिसते, हे पारखीला शिकवायला चाळीस हजार रुग्णांनी आपापली चित्रं दिली आहेत. त्यांतले पुष्कळ जण बरे झाले. काही जण नाही झाले, तरी देऊन गेले. आम्हाला त्यांची नावंही ठाऊक नाहीत."

हे मात्र आबांना सोसलं नाही. ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. "चाळीस हजार," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्यासाठी. ओळख ना पाळख." मग त्यांनी उर्वीला सांगितलं, "बाबाला हाक मार. म्हणावं, ते औषधाचे कागद राहू देत. चित्र देण्याचा कागद असेल तो घेऊन ये. माझंही ठेवा म्हणावं."

सुईच्या तपासणीत खात्री झाली, ती गाठच होती. मग पाच दिवस रोज थोडा वेळ आबा किरणांखाली पडले. दोन महिन्यांनी रक्तातला तो चढलेला आकडा खाली आला. जहाल औषध सुरूच करावं लागलं नाही.

आभार मानायला सगळे पुन्हा रुग्णालयात गेले, तेव्हा मॅडमनी बातमी दिली. छाती किती भरली आहे ते बघून गठ्ठे करायची रीत आता इतर ठिकाणच्या पारखींनाही शिकवायला घेतली होती. ज्यांना धाप लागते, जे रडतात, ज्यांचा श्वास एका मापाचा नसतो, अशा रुग्णांच्या बारीक गाठीही पुढे सापडू शकणार होत्या.

"एकच अडचण आहे," त्या म्हणाल्या. "माणसं आत जाताना इतकी घाबरतात, की श्वास नुसता उडत असतो. त्यांना कसं शांत करायचं, हे काही यंत्राला जमत नाही. तुमचे आभार मानायला हवेत काका, तुमच्यामुळे..."

"माझे कसले आभार?" आबांनी त्यांना मध्येच थांबवलं. "मॅडम, माझा दम तुम्ही लोकांनी राखलात. आता तो वाटायला नको?"

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता आबा तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. समोर सात रुग्ण होते. एक चिमुरडी मुलगी आईच्या पदरात तोंड खुपसून मुसमुसत होती.

"हे बघ बाय," आबा तिला म्हणाले, "गरम दुधावर फुंकर मारतेस ना, तशी मार. घाई न्हाई. दूध पळून जात न्हाई."

मुलीने तोंड वर केलं. गाल फुगवले. आणि हळूच, अगदी हळूच श्वास सोडला. तिची आई सोडू लागली, शेजारचे काका सोडू लागले, होता होता सगळा बाक आबांबरोबर संथपणे श्वास सोडू लागला. उर्वी दाराशी उभी राहून ते बघत होती. न बघितलेल्या त्या चाळीस हजार माणसांचे आभार कसे मानायचे, हे तिला इतके दिवस कळत नव्हतं. आता ती आत गेली, आबांच्या शेजारी बसली आणि समोरच्या मुलीचा हात हातात घेऊन म्हणाली, "चल, आता आपण दोघी मिळून."